बॉइलचा नियम सिरिंजवर पडताळताना: मांडणी, वाचनांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

तापमान स्थिर असेल तर ठरावीक वायूचा दाब आणि त्याचे आकारमान यांचा गुणाकार बदलत नाही. हे वाक्य पाठ असते. पण सिरिंज आणि दाबमापक घेऊन बसले की गुणाकार ३९६० वरून घसरत घसरत ३७४० वर येतो, आणि वहीत ‘प्रायोगिक त्रुटी’ असे लिहून विषय मिटवला जातो. तसे करू नका. वाचने कधी वर, कधी खाली अशी विखुरली असती तर गोष्ट वेगळी होती. सारखी एकाच दिशेने होणारी घसरण आपोआप येत नाही. तिला कारण असते आणि ते शोधता येते.

नियम लागू पडायला चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोंडलेली हवा तेवढीच राहिली पाहिजे. तिचे तापमान तेच राहिले पाहिजे. दाब शून्यापासून, म्हणजे निर्वातापासून मोजलेला (निरपेक्ष दाब) हवा. आणि आकारमान कोंडलेल्या सगळ्या हवेचे हवे, फक्त सिरिंजच्या खुणांवर दिसणारे नव्हे. प्रयोग फसतो तेव्हा या चारांपैकी एक तरी निसटलेली असते.

## साहित्य निवडताना

- सिरिंज: ५० किंवा ६० मिलीची, प्लास्टिकची, फिरवून घट्ट बसणाऱ्या तोंडाची (लुअर-लॉक). कोरी घ्या, सुई लावू नका. नुसत्या दाबून बसवायच्या तोंडाची सिरिंज दाब वाढला की नळीतून सुटते.
- दाबमापक: निरपेक्ष दाब दाखवणारा, साधारण २५० किलोपास्कलपर्यंतचा डिजिटल सेन्सर सर्वांत सोयीचा. तबकडीचा मापक चालेल, पण त्याची कमाल मर्यादा २०० ते २५० किलोपास्कलच्या आसपास असावी.
- थ्री-वे स्टॉपकॉक, म्हणजे तीन तोंडांची छोटी तोटी: एक तोंड सिरिंजला, एक मापकाला, एक बाहेरच्या हवेला.
- नळी: जाड भिंतीची, आतून ३ मिमी व्यासाची, शक्य तितकी आखूड. पातळ सिलिकॉन नळी दाबाखाली फुगते आणि आकारमान आपल्या नकळत बदलते.
- स्टँड आणि क्लॅम्प, तापमापी, घड्याळ, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, किंचित सिलिकॉन ग्रीस.

टायरची हवा मोजायचा १० बारचा (१००० किलोपास्कलचा) मापक या कामाला घेऊ नका. अशा मापकाची अचूकता पूर्ण मापाच्या १.६ टक्के धरली, तर एका वाचनात १६ किलोपास्कलपर्यंत फरक पडू शकतो. या प्रयोगात दाबाचा सगळा पल्लाच जेमतेम ११० किलोपास्कलचा आहे.

सावधान: काचेची सिरिंज वापरू नका. प्रयोग फक्त साध्या हवेवर करा; ज्वलनशील वायू किंवा ऑक्सिजन भरू नका. डोळ्यांना चष्मा लावा आणि दट्ट्याच्या रेषेत चेहरा आणू नका, कारण दाबलेला दट्ट्या हातातून सुटला तर जोरात मागे येतो.

## टप्पा १: सिरिंजच्या खुणा तपासा आणि ती पूर्ण वाळवा

१. रिकामी सिरिंज वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा. २० मिलीपर्यंत पाणी भरून वजन घ्या, मग ४० मिलीपर्यंत. हवेचा बुडबुडा आत राहू देऊ नका.

२. दोन वजनांतला फरक पाहा. २५ अंश सेल्सिअसला १ मिली पाण्याचे वजन ०.९९७ ग्रॅम असते, म्हणजे फरक २० ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवा. तो १९.४ आला, तर खुणाच तीन टक्क्यांनी चुकतात हे आधीच कळले.

३. खूण वाचायची पद्धत इथेच पक्की करा. दट्ट्याच्या रबराला दोन कडा असतात. सिरिंजच्या तोंडाकडची, भिंतीला टेकलेली कडा वाचायची. मधला शंकूसारखा उंचवटा नाही आणि मागची कडाही नाही. डोळा खुणेच्या पातळीत हवा.

४. दट्ट्या बाहेर काढून सिरिंज, नळी आणि स्टॉपकॉक पूर्ण वाळवा. नळीत कोरडी हवा फुंकण्यासाठी पंप वापरा. तोंडाने फुंकलेली हवा दमट असते.

वाळवण्याची पायरी हमखास गाळली जाते, म्हणून तिचे कारण नीट पाहू. २७ अंशांना पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब, म्हणजे वाफेचा जास्तीत जास्त दाब, सुमारे ३.६ किलोपास्कल असतो. आत एक थेंब राहिला तर सिरिंज दाबा किंवा ओढा, वाफेचा वाटा ३.६ च राहतो. दाबताना जास्तीची वाफ पाणी होते, ओढताना पाण्याची वाफ होते. म्हणजे कोंडलेला वायू तेवढाच राहत नाही. ५० मिलीपासून २० मिलीपर्यंत दाबत गेल्यास एवढ्यानेच गुणाकार सुमारे अडीच टक्क्यांनी घसरतो. ही घसरण पुढे येणाऱ्या लपलेल्या आकारमानाच्या घसरणीसारखीच दिसते, त्यामुळे नंतर वेगळी काढणे फार अवघड जाते.

५. रबराच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, त्याने काही प्रकारचे रबर फुगते.

## टप्पा २: त्या जागेचा खरा वातावरणीय दाब घ्या

डिजिटल सेन्सर निरपेक्ष दाब दाखवत असेल तर तो उघड्या हवेत ठेवून वाचा आणि आकडा लिहून ठेवा. तबकडीचा मापक उघड्या हवेत शून्य दाखवतो. तो फक्त वातावरणापेक्षा जास्तीचा दाब सांगतो, म्हणून त्याच्या प्रत्येक वाचनात वातावरणीय दाब मिळवायचा:

निरपेक्ष दाब = मापकावरचा दाब + वातावरणीय दाब

हे विसरले तर चूक थोडीथोडकी नसते. सुरुवातीचे वाचनच शून्य, म्हणून गुणाकारही शून्य, आणि पुढे तो वाढतच जातो.

वातावरणीय दाब कुठून घ्यायचा, यातही खाच आहे. हवामानाच्या बातमीत दिलेला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. उंचावरच्या ठिकाणी प्रत्यक्ष दाब त्यापेक्षा कमी असतो: समुद्रसपाटीच्या जवळपासच्या उंचीवर दर १०० मीटरला साधारण १.२ किलोपास्कलने. ५०० मीटर उंचीवर बातमीतला आकडा तसाच वापरला तर सहा किलोपास्कलची चूक पहिल्याच ओळीत शिरते. दाबाचा सेन्सर असलेल्या फोनवरचा आकडा चालतो, मात्र ॲप ‘समुद्रसपाटीचा दाब’ दाखवत नाही ना, हे सेटिंगमध्ये पाहा.

पडताळा: १०१.३ हा प्रमाण दाब पुस्तकातून उचलून लिहिला असेल तर खोडा. मोजलेलाच आकडा वापरायचा.

## टप्पा ३: जोडणी, आणि हवा कोंडायचा योग्य क्षण

१. सिरिंज स्टँडला आडवी किंवा उभी घट्ट बसवा. हात फक्त दट्ट्याच्या टोकाला लागेल अशी मांडणी करा.

२. स्टॉपकॉक, नळी आणि मापक आधी जोडून घ्या. स्टॉपकॉकची मूठ कोणत्या दिशेला असताना कोणते तोंड बंद होते, हे प्रत्यक्ष हवा सोडून पाहा. सगळ्या बनावटींची खूण एकसारखी नसते.

३. तिन्ही तोंडे एकमेकांना उघडी ठेवा. आता दट्ट्या ४० मिलीवर आणा आणि अर्धा मिनिट थांबा.

४. मग बाहेरच्या हवेचे तोंड बंद करा. सिरिंज आणि मापक यांच्यातला मार्ग उघडाच राहिला पाहिजे.

या क्रमात उलटापालट करू नका. दट्ट्या ४० वर आणून मग नळी दाबून बसवली, तर बसवतानाच हवा थोडी दाबली जाते आणि सुरुवातीचा दाब वातावरणापेक्षा जास्त निघतो. दट्ट्या सरकत असताना तोंड बंद केले तरी तेच होते.

सुरुवात ४० पासून करायची, कारण मग दट्ट्या दोन्हीकडे नेता येतो: दाबून २० पर्यंत, ओढून ५० पर्यंत. मापक वातावरणापेक्षा कमी दाब दाखवू शकत नसेल तर सुरुवात ५० पासून करा आणि फक्त दाबत जा.

## टप्पा ४: गळती तपासा

वाचने घेण्याआधी ही तपासणी एकदा पूर्ण करा.

१. दट्ट्या २० मिलीपर्यंत हळू दाबा आणि क्लॅम्पने किंवा ठोकळ्याने अडवा. ६० मिलीच्या सिरिंजवर यासाठी जवळपास ५ किलो वजनाएवढा जोर लागतो. नुसत्या हाताने तो स्थिर धरता येत नाही, हात थरथरला की वाचनही थरथरते.

२. दोन मिनिटे दाब पाहत राहा. पहिल्या काही सेकंदांत तो थोडा उतरेल. ती गळती नव्हे. दाबल्यामुळे तापलेली हवा थंड होत असते. हा उतार मंदावत जाऊन थांबतो. गळती असेल तर दाब थांबत नाही, संथपणे उतरतच राहतो.

३. दट्ट्या पुन्हा ४० वर आणा, मिनिटभर थांबा. दाब सुरुवातीच्या आकड्यावर परत यायला हवा. सुरुवातीला ९८.० होता आणि आता ९६.५ आला, तर दीड टक्का हवा निसटली.

गळती बहुधा जोडांमध्ये असते, क्वचित दट्ट्याच्या रबराशी. जोडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाब वाढवला की बुडबुडा जागा दाखवतो. सेन्सरपासून पाणी दूर ठेवा आणि नंतर जोड पुसून कोरडा करा.

## टप्पा ५: वाचने

क्रम असा ठेवा: ४०, ३५, ३०, २५, २०, मग परत ४०, नंतर ४५, ५०, आणि शेवटी पुन्हा ४०. मध्येच स्टॉपकॉक उघडला तर आतली हवा बदलली. तिथून पुढची वाचने वेगळ्या मालिकेत जातात.

प्रत्येक खुणेवर:

१. दट्ट्या सावकाश न्या, पाच-सहा सेकंद लावा.
२. अडवा. हात काढून घ्या.
३. ३० ते ६० सेकंद थांबा. सलग १५ सेकंद आकडा हलला नाही की मगच लिहा.
४. दाबासोबत खोलीचे तापमानही लिहा.

थांबणे का आवश्यक आहे, हे एकदा मुद्दाम घाई करून पाहिले तर पटते. हवा झटक्यात अर्ध्या आकारमानात दाबली आणि उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर दाब दुप्पट न होता २.६४ पट होतो आणि २७ अंशांची हवा १२० अंशांच्या वर तापते. सिरिंजमध्ये उष्णता भिंतीकडे लगेच जाऊ लागते, त्यामुळे एवढे टोक गाठले जात नाही. पण डिजिटल सेन्सरवर आकडा आधी उसळतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो, ते स्पष्ट दिसते. उसळलेला आकडा टिपला तर नियमाची पडताळणी होत नाही, कारण त्या क्षणी तापमान स्थिर नसते. दट्ट्या ओढताना याच्या उलट घडते: हवा थंड होते, आकडा आधी खूप खाली जातो आणि मग वर सरकतो.

दुसरी गरमी हाताची. सिरिंज मुठीत धरून आतली हवा ५ अंशांनी तापली तर दाब सुमारे १.७ टक्के वाढतो. पंख्याचा झोत आणि खिडकीतले ऊनही टाळा.

२० मिलीच्या खाली फार जाऊ नका. खूण वाचताना अर्ध्या मिलीची चूक ५० वर एक टक्का असते, २० वर अडीच टक्के आणि १० वर पाच टक्के. वर ५० च्या पुढे खूप ओढले तर काही सिरिंजमध्ये रबर दट्ट्याच्या दांडीवरून सरकते आणि खूण खोटी पडते.

## टप्पा ६: लपलेले आकारमान शोधा

सिरिंजच्या टोकात, स्टॉपकॉकमध्ये, नळीत आणि मापकाच्या पोटात जी हवा असते ती खुणांवर दिसत नाही, पण दाबली तीही जाते. ३ मिमी व्यासाच्या २० सेंटीमीटर नळीतच १.४ मिली हवा मावते. सुरुवातीला सांगितलेली घसरण बहुतेक वेळा इथूनच येते.

समजा लपलेले आकारमान २ मिली आहे आणि बाकी सगळे बिनचूक आहे. मग वाचने अशी दिसतील:

| खुणेवरचे आकारमान (मिली) | निरपेक्ष दाब (किलोपास्कल) | नुसता गुणाकार | २ मिली मिळवून गुणाकार |
|---|---|---|---|
| ५० | ७९.२ | ३९६० | ४११८ |
| ४५ | ८७.६ | ३९४२ | ४११७ |
| ४० | ९८.० | ३९२० | ४११६ |
| ३५ | १११.२ | ३८९२ | ४११४ |
| ३० | १२८.६ | ३८५८ | ४११५ |
| २५ | १५२.४ | ३८१० | ४११५ |
| २० | १८७.१ | ३७४२ | ४११६ |

तिसऱ्या स्तंभात साडेपाच टक्क्यांची घसरण आहे. चौथ्यात ती उरत नाही.

हे २ मिली शोधायला दोन टोकांची वाचने पुरतात. प्रत्येक टोकाचा नुसता गुणाकार काढा, मोठ्यातून लहान वजा करा आणि आलेल्या आकड्याला दोन दाबांतल्या फरकाने भागा:

(३९६० − ३७४२) ÷ (१८७.१ − ७९.२) = २१८ ÷ १०७.९ ≈ २.०२ मिली

पडताळा: हा आकडा प्रत्यक्ष मांडणीशी जुळतो का, पाहा. नळीचे आकारमान व्यास आणि लांबीवरून काढा, टोक आणि स्टॉपकॉकसाठी थोडे मिळवा. नळीच्या मापांवरून २ मिली आणि दाबाच्या वाचनांवरून ६ मिली येत असेल, तर घसरणीमागे आणखी काही आहे: ओलावा किंवा गळती. गुणाकार सरळ रेषेत यावा म्हणून हवा तो आकडा मिळवणे म्हणजे पडताळणी नव्हे.

## टप्पा ७: कोणता आलेख काढायचा

दाब आणि आकारमान यांचा आलेख वक्र येतो, आणि तो वक्र पाहून नियम पाळला गेला की नाही हे डोळ्यांना ठरवता येत नाही. खाली उतरणारे अनेक वक्र तसेच दिसतात. बिंदू पट्टीने जोडले तर तेवढेही कळत नाही.

उभ्या अक्षावर खुणेवरचे आकारमान आणि आडव्या अक्षावर (१ ÷ दाब) घ्या. नियम पाळला जात असेल तर बिंदू सरळ रेषेत येतात. रेषा मागे वाढवून उभ्या अक्षापर्यंत न्या. ती शून्याच्या खाली जिथे छेदते, तो आकडा म्हणजे लपलेले आकारमान. वरच्या वाचनांसाठी रेषा −२ जवळ छेदते. रेषेचा चढ सुमारे ४१२० येतो, तो चौथ्या स्तंभातल्या गुणाकाराशी जुळतो.

रेषा ओढूनताणून मूळ बिंदूतून नेऊ नका. तसे केले की आलेखातली सर्वांत उपयोगी माहितीच पुसली जाते. अक्ष उलटे घेऊन, म्हणजे दाब आणि (१ ÷ आकारमान) असा आलेख काढला, तर लपलेले आकारमान आधी मिळवून घ्यावे लागते. नाहीतर सरळ यायला हवी ती रेषा वाकते.

## वाचने बिघडली तर कुठे पाहायचे

गुणाकार दाबताना घसरतो, ओढताना वाढतो, आणि ४० वर परत आल्यावर दाब मूळचा मिळतो: लपलेले आकारमान. नंतर ओलावा तपासा.

४० वर परत आल्यावर दाब कमी येतो: गळती. हिशेब दुरुस्त करून उपयोग नाही. जोड घट्ट करा आणि मालिका पुन्हा घ्या.

४० वर परत आल्यावर दाब जास्त येतो: ओढताना बाहेरची हवा आत आली, किंवा खोली तापली. तापमानाची नोंद पाहा. खोलीच्या तापमानाला १ अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो.

दाबताना गुणाकार वाढतो: थांबण्याची वेळ पुरेशी नाही, किंवा तबकडीच्या मापकात वातावरणीय दाब मिळवायचा राहिला.

बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले: खूण वाचण्यातली चूक. कोणती कडा वाचायची, ते पुन्हा पाहा.

लपलेले आकारमान धरून गुणाकार एक ते दोन टक्क्यांच्या पट्ट्यात राहिला, तर या साधनांसाठी तो निकाल चांगला आहे.

## दाबमापक नसेल तर: वजनांची पद्धत

२० मिलीची सिरिंज उभी बसवा. दट्ट्या २० वर आणून तोंडाला लुअर-लॉकचे टोपण लावा आणि दट्ट्यावर सपाट फळी ठेवून वजने चढवा. दट्ट्याचे क्षेत्रफळ व्यास मोजून काढण्यापेक्षा खुणांवरून काढणे जास्त बिनचूक: ० पासून २० मिलीपर्यंतची लांबी ६४ मिमी असेल, तर क्षेत्रफळ २० ÷ ६.४ = ३.१२५ चौरस सेंटीमीटर. त्यावर १ किलो वजनाने दाब ३१.४ किलोपास्कलने वाढतो. फळी आणि दट्ट्या यांचे वजनही धरायचे, आणि बेरजेत वातावरणीय दाब मिळवायचा.

या पद्धतीचा खरा शत्रू घर्षण आहे. रबर भिंतीला चिकटते आणि दट्ट्या असायला हवा त्याच्या वर किंवा खाली अडकतो. म्हणून प्रत्येक वजनाला दोन वाचने घ्या: एकदा दट्ट्या बोटाने थोडा खाली दाबून सोडल्यावर, एकदा थोडा वर उचलून सोडल्यावर. दोन्हींची सरासरी लिहा. दोन वाचनांत दीड-दोन मिलीपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर ग्रीस पुन्हा लावा किंवा सिरिंज बदला. वजन ३ किलोच्या पुढे नेऊ नका, आणि फळी कलंडली तर वजने पायावर पडणार नाहीत अशी जागा निवडा.